टोमॅटोची विरळणी

दिंडोरीजवळच्या आमच्या गावात शाळेची परसबाग करायची ठरली, तेव्हा गावकऱ्यांनी कामं वाटून घेतली. कुणी शेणखत आणलं, कुणी ठिबकच्या जुन्या नळ्या. मी पडलो द्राक्षबागायतदार, त्यामुळे अक्कल पुरवायचं काम मी कुणी न सांगताच घेतलं.

टोमॅटो घोसाघोसानं लागले, तशी पोरं हरखली. मला मात्र ती दाटी बघवेना. द्राक्षाच्या घडात दाटी झाली की आम्ही निम्मे मणी कातरून टाकतो, मग उरलेले फुगतात. ही विरळणी केल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. मी पोरांच्या हातात कात्र्या दिल्या आणि गोटीएवढे हिरवे टोमॅटो तोडायला लावले. एका घोसाला दोनच ठेवायचे! एक मुलगी रडवेली झाली, तर तिच्यावर खेकसलोसुद्धा. "शेती मी करतो का तू?"

फळं खरंच मोठी झाली, मुठीत मावेनात अशी. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंपुढे मी पहिली तोडणी ऐटीत नेऊन ठेवली. घमेल्याचा तळही झाकला नव्हता. ताईंनी आधी टोमॅटोंकडे पाहिलं, मग ताटल्या घेऊन बसलेल्या अख्ख्या शाळेकडे.

"काका, माल लय भारी हाय," त्या म्हणाल्या. "आता पोरांचीबी विरळणी करा, म्हंजे पुरंल."