फुआतिनोच्या दारापुढचा फुटपाथ

आपिया या बेटावरच्या शहरातल्या त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता, म्हणूनच फुआतिनोचा मुलगा एलेको ट्रकखाली गेला. तिथल्या रीतीप्रमाणे तिनं त्याला दारापुढंच पुरलं. रोज संध्याकाळी थडग्यावर बसून ती त्याला दिवसभराचं सांगायची.

नव्या फुटपाथची आखणी नेमकी थडग्यावरून गेली. इंजिनियर ओशाळून म्हणाला, "मावशी, तुमच्या दारापुरता सोडून देऊ."

"म्हणजे इथं येऊन पोरं परत रस्त्यावर उतरणार. मग बांधताय कशाला, शोभेला? उचला त्याला."

एलेको मागच्या अंगणात गेला, फुटपाथ झाला. त्या संध्याकाळी सवयीनं ती जुन्याच जागी जाऊन बसली. तिला वळसा घालायला एक मुलगी रस्त्यावर उतरली.

फुआतिनो उठली. पुन्हा कधी तिथं बसली नाही.