सरळ रस्त्यावर शिकलेली

व्हॅन उतारावरून मेंढ्यांच्या कुरणाकडे सुटली होती आणि चालवणारी पोरगी मला सांगत होती, “आजी, घाबरू नका हं!”

मी ओरडले, “माझं राहू दे, तू ब्रेक दाब!”

तासाभरापूर्वी, लेकीच्या या परक्या देशात, रिकार्टन भागातल्या भारतीय दुकानात मी पोहे शोधत होते, तिथे ती भेटली. पाठीवर हे एवढं ओझं, पायात धुळीने लाल झालेले बूट. घाटापलीकडे घरी परत कसं यायचं, हे मी लेकीला फोनवर विचारत होते, ते ऐकून म्हणाली, “आजी, मी त्याच बाजूला चाललेय, सोडते तुम्हाला.” मी तिचं गाव विचारलं, आडनाव विचारलं, लग्नाचंही विचारलं. गाडी नीट येते का, हे मात्र विचारलं नाही. मराठी बोलली, एवढ्यावर मी गाडीत बसले.

ती ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात महिनोन्‌महिने एकटी हिंडली होती. त्या सवयीने अजूनही दर थोड्या वेळाने पाण्याची बाटली हलवून किती उरलं ते बघायची. आता इथून फिजी, मग चिली. एक हात सोडून मला हवेत नकाशा काढून दाखवत होती.

“गाडी तिकडेच शिकले, आजी. दिवसभर सरळ रस्ता. ब्रेकची गरजच पडत नाही!”

तेवढ्यात घाटाचं वळण आलं.

कुंपण मोडून आम्ही चिखलात रुतलो. मेंढ्यांनी माना वर केल्या आणि परत चरायला लागल्या. पोरगी पांढरीफटक पडली होती.

“चिलीत मी बसनेच फिरेन,” ती म्हणाली.

“फिजीतही,” मी म्हटलं.

ती वाचली, मी वाचले. व्हॅन मात्र कामातून गेली.