उत्तरेश्वरचं आरपार इंजिन

नारायण पेठेत माझं पाट्या रंगवायचं दुकान आहे. त्याला लागून असलेल्या खोलीत उत्तरेश्वर इंजिनं करायचा. पळणारी नव्हे, दिसणारी. सगळं अंग पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं. बाजूचा दांडा हाताने फिरवला की आत पिस्टन वर-खाली व्हायचा, व्हॉल्व्ह उघडायचे, मिटायचे, आणि ठिणगीच्या जागी बसवलेला मुगाएवढा लाल दिवा लागायचा. कॉलेजं ती विकत घेत. त्यावरच्या पट्ट्या मी लिहायचो: शोषण, संपीडन, ज्वलन, उत्सर्जन. 'शोषण' लिहिताना मी दरवेळी म्हणायचो, ''हे आम्हाला शिकवावं लागत नाही.'' तो हसत नसे. इंजिनाच्या बाबतीत त्याला थट्टा खपायची नाही.

तो मूळचा धाराशिवकडचा. इथे एका कारखान्यात टर्नर होता. आयुष्यभर इंजिनाचे भाग घासले, पण आत काय चालतं हे त्याला कोणी दाखवलं नाही, याचा राग त्याने जपून ठेवला होता. ''डोळ्यानं बघितलं की पोरगं जन्मात विसरत नाही,'' म्हणायचा. पुढे मोबाइलवर सगळं फुकट दिसायला लागलं, मग विजेच्या गाड्या आल्या. कामं आटली.

शेवटचं इंजिन लोणी काळभोरकडच्या एका कॉलेजला गेलं. तेव्हा दुर्गावहिनींच्या, त्याच्या बायकोच्या, तपासण्या चालू होत्या. तरी पॅकिंग त्यांनीच केलं. वाटेत दांडा फिरू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या चिंधीने तो बांधायचा, ही त्यांची पद्धत. गाठ मारायच्या तीही निरगाठ. सुरगाठ हादऱ्याने सुटते म्हणून. त्यानंतर चौथ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

याला दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात उत्तरेश्वर खोली रिकामी करत होता. एका डबीत त्याला तांब्याची बारीक पट्टी सापडली. ती हातात घेऊन तो माझ्या दुकानात आला.

''पेंटर, घात झाला.''

चूक त्यानेच मला समजावून सांगितली. हाताने फिरवायचा तो खालचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारं वरचं चाक एकदा फिरतं. ठिणगी त्या वरच्या चाकाच्या तालावर, दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदाच पडायला हवी. म्हणून दिवा लावणारी ही पट्टी वरच्या चाकावर हवी होती. त्याने दुसरीच पट्टी कापून खालच्या दांड्यावर बसवली होती. म्हणजे त्या इंजिनात धूर बाहेर जाताना पुन्हा दिवा लागणार. वहिनींना डॉक्टरकडे न्यायची घाई होती. दिवा एकदा लागलेला बघितला आणि दुसरी फेरी न फिरवताच त्याने काम संपवलं.

''दीड वर्ष पोरं चुकीचं शिकतायत. माझ्यापायी.''

''तसं असतं तर मास्तरांचा फोन आला असता,'' मी म्हणालो.

''आला नाही, हेच कळंना.''

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने लोणीला गेलो. त्याच्या मांडीवर हत्यारांची पिशवी होती. वाटभर तो एकच वाक्य घोकत होता, ''सर, माझ्या हातून चूक झाली.''

प्राध्यापक तरुण होते, गळ्यात ओळखपत्र, वागायला गोड. ''अहो, बसा ना काका. एक्सलंट मॉडेल आहे तुमचं. तपासणीला कमिटी आली की तेच पुढे ठेवतो आम्ही.'' उत्तरेश्वरने उभ्यानेच आपलं वाक्य म्हटलं. ते हसले. ''चूक? एकसुद्धा कंप्लेंट नाही हो आजपर्यंत.''

शिपायाने कपाट उघडलं. इंजिन लखलखत होतं. अंगावर एक ओरखडा नाही. माझ्या पट्ट्या जागच्या जागी. आणि दांड्याला वांगी रंगाच्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. गाठ तीच. दीड वर्षात ती कोणी सोडली नव्हती.

मी नारायण पेठेत जन्मलो, वाढलो. टोमण्यावाचून माझं पान हलत नाही. त्या दिवशी एकही सुचला नाही. नुसती शिवी आली होती, ती गिळली.

उत्तरेश्वरने गाठीवर बोट ठेवलं. नखाने थोडी उकलून पाहिली, मग थांबला.

''कात्री देऊ का?'' शिपाई म्हणाला.

''नको, नको.'' त्याने हात मागे घेतला. दांडा फिरवल्याशिवाय चूक दुरुस्त होणार नव्हती आणि गाठ सोडल्याशिवाय दांडा फिरणार नव्हता. त्याने कपाटाचं दार स्वतःच हळूच लावलं.

''झालं काका?'' प्राध्यापकांनी मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं.

''झालं.''

हायवेवरच्या स्टॉपवर ऊन मी म्हणत होतं. उत्तरेश्वरने खिशातून ती तांब्याची पट्टी काढली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत ठेवली. मला वाटलं, आता हा चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

''एका बी पोराचं नुकसान झालं नाही, पेंटर,'' तो म्हणाला, आणि भर स्टॉपवर, लोकांदेखत, रडायला लागला.