मैनेचा पंजा

खंडोजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर बसायचे म्हणे. खुद्द खंडोजीराव म्हैसुरातल्या बोगादीहून सायकलवर बसून शहराबाहेरच्या प्राणी पुनर्वसन केंद्रात जायचे आणि सिंहांना मांस घालायचे. घरात मराठी, बाहेर कन्नड. यात कधी काही अडलं नव्हतं.

सर्कशीत वाघ-सिंह नाचवायला कायद्याने बंदी आली आणि सोडवलेली जनावरं ट्रकमधून केंद्रात येऊ लागली. त्यांत मिरजेकडच्या एका सर्कशीतली म्हातारी सिंहीण होती, मैना. तिचा रिंगमास्तर मराठी होता, हे कळल्यावर खंडोजीराव केवढे हरखले! बायकोला, शकुंतलाबाईंना, घरी येऊन सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अयो, सिंहीणसुद्धा आमच्यातलीच काय!"

दुसऱ्या दिवशी गजांशी उकिडवं बसून त्यांनी लेकीला बोलवावं तसं म्हटलं, "ये गं मैने, बस."

मैना थरथरली. जागच्या जागी मुतली. मग कोपऱ्यातल्या पालथ्या टबावर चढून बसली आणि उजवा पंजा वर उचलून धरला.

"पुरे गं," खंडोजीराव घाबरून म्हणाले. "उतर. खाली. झालं, झालं." पंजा काही खाली येईना. तिला मोकळं करायचा मास्तरचा शब्द कोणता, देव जाणे. आणि सर्कस मोडल्यावर मास्तर कुठे गेला, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी खंडोजीराव उठून भिंतीआड गेले, तेव्हा ती उतरली.

त्यांना फार लाज वाटली. ज्या भाषेत आईने त्यांना घास भरवला, त्याच भाषेत कुणी मेल्याने या जिवाला बडवून काढलं होतं. कायद्याने तिला सर्कशीतून सोडवलं खरं, पण या धाकातून कोण सोडवणार?

त्या दिवसापासून मैनेपुढे मराठी बंद. टब तर त्यांनी तिथून हलवलाच. "बा मगळे," म्हणजे ये पोरी, असं कन्नडात हळूहळू चुचकारत राहिले. पावसाळा सरला तेव्हा कुठे ती बाहेर गवतावर आली आणि उन्हात पोट वर करून पसरली. खंडोजीरावांनी त्या दिवशी घरी जाताना म्हैसूरपाक नेला. "घरी तोंडातून शब्द फुटत नाही, तिथे मात्र मगळे, मगळे!" शकुंतलाबाईंनी टोमणा मारला, पण दोन वड्या खाल्ल्या.

काही वर्षं बरी गेली. मग मैनेची मूत्रपिंडं बिघडली. तिने खाणं सोडलं आणि कुंपणाच्या टोकाला बांबूखाली जाऊन पडली. सलाइन लावायला तिला अरुंद पिंजऱ्यात घ्यायला हवं होतं. बेशुद्ध केलं तर हृदय बंद पडेल, असं प्राणेश डॉक्टरांचं म्हणणं. खंडोजीराव "बा मगळे, बा" करून थकले. तिने कानही हलवला नाही.

"तुमच्या मराठीत बोलवून बघा," डॉक्टर हळूच म्हणाले.

"नको सार. ते सोडून काही सांगा."

"मग ती उद्यापर्यंत राहायची नाही."

खंडोजीरावांनी गज घट्ट धरले. "मैने! ये! बस!"

ती उठली. मागचे पाय ओढत, अख्खं कुरण ओलांडून आली. पिंजऱ्यात शिरली, बसली आणि उजवा पंजा उचलला. डॉक्टरांनी शेपटीच्या शिरेत सुई घातली, तरी तिची नजर खंडोजीरावांवरून हलेना. पंजा लटलट कापत होता आणि तसाच वर होता.

"ठेव गं बाई," ते रडत म्हणाले. "पुरे. साकु मगळे, साकु." मराठी झाली, कन्नड झाली. एकही शब्द लागू पडेना.

सलाइन चालू होतं, पण तिचा श्वास तुटू लागला. डॉक्टरांनी मान हलवली. खंडोजीरावांना तिच्यापाशी थांबायचं होतं. तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत त्यांना तिच्याजवळ असायचं होतं. पण तिला मोकळं करायचा एकच उपाय त्यांना ठाऊक होता. ते वळले आणि भिंतीआड जाऊन उभे राहिले.

बऱ्याच वेळाने डॉक्टर हात पुसत आले. खंडोजीरावांनी एवढंच विचारलं, "पंजा खाली ठेवला?"

"लगेच," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही दिसेनासे झालात, त्याच क्षणी."