हात कुणावर उठतो

"आधी त्याला विचारू," असं म्हणून मॅडम पर्स काखेत मारायच्या आणि निघायच्या. मागून कोण येतंय, हे वळून बघायच्याही नाहीत. एसटी वाटेत बंद पडली की बाकीचे प्रवासी सरकारला नावं ठेवत बसायचे, मॅडम थेट ड्रायव्हरपाशी. शेवभाजी फारच जहाल झाली तर वाढणाऱ्याला बोलणं नाही, आत भटारखान्यात जायच्या. परत येईपर्यंत आचाऱ्याच्या मुलीच्या ॲडमिशनचीही चौकशी झालेली असायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबरोबर हिंडलं की घरी जायला उशीर होतो, पण त्याचं वाईट वाटत नाही.

जळगावच्या कॉलेजात, समाजकार्य विभागात, आमची टेबलं शेजारी होती. मॅडम मूळच्या धुळ्याच्या. मार खाऊन आलेल्या बायकांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. एकदा चहा पिताना म्हणाल्या, "सर, आपण तिला किती प्रश्न विचारतो. कधी मारलं, कशानं मारलं, तू काय बोलली होतीस. ज्यानं मारलं, त्याला कुणी काहीच विचारत नाही."

यातून आमचा प्रकल्प निघाला. कौटुंबिक हिंसाचारावरच्या संशोधनाला सरकारी अनुदान मिळत होतं. मॅडमनी प्रस्ताव लिहिला तो मारणाऱ्या नवऱ्यांच्या अभ्यासाचा. स्टाफरूममध्ये महिनाभर तोच विनोद चालला. कुणी म्हणे, नवऱ्यांना आता मानधन सुरू होणार. कुणी म्हणे, माझं नाव घाला. मॅडम त्या गृहस्थांना शांतपणे म्हणाल्या, "घालते. पण आधी वहिनींना विचारते." त्यानंतर ते गृहस्थ आमच्या बाजूला फिरकले नाहीत.

पुण्याला समितीपुढे आम्ही दोघं गेलो. अध्यक्ष सज्जन होते, पण त्यांना प्रस्ताव पटत नव्हता.

"मॅडम, पैसा बायकांसाठी आहे. मारणाऱ्यांवर सरकारनं का खर्च करायचा?"

"साहेब, आपण डासांवर संशोधन करतो," मॅडम म्हणाल्या, "ते डासांचं भलं व्हावं म्हणून नाही."

समितीत हशा पिकला आणि अनुदान मंजूर झालं. मागितलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी, तेही हप्त्यांनी. मॅडमनी बाहेर येऊन मला उसाचा रस पाजला.

आता नवरे शोधायचे होते. "मी बायकोला मारतो" असं सांगत कोण येणार? मॅडम मला घेऊन एरंडोलला एका सलूनमध्ये शिरल्या. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण, कारागिराचा वस्तरा हवेतच थांबलेला. "चालू द्या तुमचं. मी गप्पा मारायला आले," असं म्हणून बाकावर बसल्या. पहिल्या दिवशी सगळे पावसापाण्यावर बोलले. पुढच्या खेपेला एक जण आपल्या मेव्हण्याबद्दल बोलला. त्यानंतर मात्र बाक पुरेना.

मॅडमचा एक नियम होता. कुणाच्या घरी जायचं नाही, बायकोला भेटायचं नाही, इथं झालेलं बोलणं तिच्या कानावर जाईल असं काही करायचं नाही. "आपण संध्याकाळच्या गाडीनं जळगावला जातो, सर. तिला तिथंच राहायचं असतं."

याच सलूनमध्ये एक टेम्पोवाला भेटला. केळीचे घड वाहायचा. तिशीतला, गोड बोलणारा.

"मी मारस नही, मॅडम," तो म्हणाला. "हात उठी जास."

मॅडम धुळ्याच्या, त्यांना ही बोली घरचीच. त्यांनी विचारलं, "टेम्पोना मालकवर उठस का?"

"नही."

"पोलीसवर?"

तो हसला. "पोलीसवर कसा उठी?"

"मंग हातले बठ्ठं समजस," मॅडम म्हणाल्या. म्हणजे हाताला सगळं कळतं.

सलूनमधले सगळे हसले. तोही हसला, आणि मग त्याचं हसू थांबलं. आम्ही निघालो तेव्हा तो स्टँडपर्यंत मागोमाग आला आणि जळगावला कुठं भेटता, असं विचारू लागला.

मग तो यायला लागला. जळगावात माल उतरवला की रिकामा टेम्पो कॉलेजसमोर लावून वर यायचा. बापानं आईला कसं मारलं हे त्यानं सांगितलं, आपण काय काय केलं हेही सांगितलं. रडला की मॅडम पाण्याचा ग्लास पुढं करायच्या, पण "जाऊ द्या" असं कधी म्हणायच्या नाहीत. रडून झालं की पुढचा प्रश्न. त्याच्यात फरक पडतोय असं मला वाटत होतं. मॅडमना विचारलं तर म्हणायच्या, "आपल्यासमोर तर पडलाय."

मधेच त्याची बायको लहान मुलीला घेऊन माहेरी, मुक्ताईनगरला निघून गेली. तो पेढे घेऊन आला.

"मॅडम, एक फोन करा. सरकारी मॅडमनी सांगं तर सासरा तुमना शब्द मोडाव नही. मी आते सुधरी गऊ."

मॅडमनी पेढ्यांचा पुडा बंद करून त्याच्याकडे सरकवला. "तुम्ही मला जे सांगितलं, ते मी ऐकलं. सुधारलात की नाही, हे मला सांगता येणार नाही. ते तीच सांगेल, तिला वाटेल तेव्हा."

"इतका दिवस मी काय उगा वनू?"

एवढ्या खेपा फुकट गेल्या म्हणत तो ताडकन उठला आणि त्याचा हात वर गेला. मीही उठलो. मॅडम खुर्चीतच होत्या, त्याच्याकडे बघत. हात क्षणभर हवेत राहिला. मग त्यानं तो स्वतःच्या डोक्यावरून फिरवला, जणू केस सारखे करायलाच उचलला होता. तो जिना उतरून गेला. मॅडमनी पाणी मागितलं.

त्यानं गावातल्या एका पुढाऱ्याला गाठलं. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांचा फोन प्राचार्यांना आला: जुळणारा संसार तुमच्या मॅडम का अडवून धरतात? प्राचार्य आमच्या टेबलाशी येऊन अजीजीनं म्हणाले, "एक फोन करून टाका ना. तुमचं काय जातं?"

"माझं काहीच जात नाही," मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच करत नाही."

तक्रार वर गेली आणि अनुदानाचा पुढचा हप्ता थांबला. मॅडम पुन्हा पुण्याला, त्याच अध्यक्षांपुढे. "साहेब, मी फोन केला असता, तर तुमचा पैसा त्याची वकिली करायला लागला असता." अध्यक्षांनी फाईल मागवली. हप्ता सुटला, पण येईपर्यंत उन्हाळा आला. मधल्या काळात मॅडम तास संपले की एसटी पकडून एरंडोलला जातच होत्या. सलूनवाल्यानं तर त्यांच्यासाठी बाकावर उशी आणून ठेवली होती.

अहवाल गेला. त्याचं पुढं काय झालं, ते सरकारला ठाऊक. मॅडम निवृत्त होऊन धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या आणि वर्षाच्या आतच, साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या.

यंदाच्या दिवाळीनंतर एक बाई विभागात आली. एरंडोलला यायच्या त्या मॅडम कुठं बसतात, असं विचारू लागली. नवऱ्याचं नाव सांगितल्यावर मला कळलं. मॅडम गेल्याचं सांगितलं तशी ती खुर्चीत बसली.

"ह्यांनी सांगून ठेवलं होतं. वडील रोज म्हणायचे, जळगावच्या मॅडमचा फोन आला की तुला पोचवून येतो," ती म्हणाली. "फोनची रिंग वाजली की मी मुलीला उचलून मागच्या दारी जायची. पण तो फोन आलाच नाही. मग वडीलही बोलायचे थांबले."

आता ती केळीच्या वेफर्सच्या कारखान्यात कामाला जाते. नवरा मुलीला भेटायला येतो. ओट्यावर बसतो. "आत बोलवायचं की नाही, ते मी ठरवते," ती म्हणाली. "अजून ठरलं नाही."

चहा झाल्यावर तिनं विचारलं, "त्यांचा फोटो आहे का? मी त्यांना कधी बघितलंच नाही."

मी मोबाईलमध्ये शोधला. एक सापडला. एरंडोलच्या स्टँडवर, बाकावर मॅडम पदरात शेंगा घेऊन बसल्या आहेत, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि कशाला तरी तोंडभरून हसतायत. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, पुन्हा लहान केला.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "चांगल्या उंच असतील."