बल्ब दमलाय

बल्ब हातात आला की मामी तो आधी कानाशी नेऊन हलवायच्या. दोन बोटांत टोपीकडून पकडायचा, मान तिरकी करायची आणि डोळे मिटून ऐकायचं. आत तुटलेली तार किणकिणली की बल्ब माझ्या काउंटरवर ठेवत आणि म्हणत, "गेला." तार शाबूत असली, पण घरी उजेड कमी पडत असला, तर निकाल वेगळा असायचा. "ह्यो गेला न्हाई. दमलाय."

मांडवगण फराट्याला माझं विजेच्या सामानाचं लहानसं दुकान आहे. वायर, होल्डर, पंख्याचे कंडेन्सर, शेतातल्या मोटारींचे स्टार्टर. मामी दुकानामागच्या गल्लीत राहायच्या आणि बायकांची पोलकी शिवायच्या. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा, दवाखान्याच्या केसपेपरवर कळलं. मामा साखर कारखान्यात होते, ते लवकर गेले. एकच मुलगी, ती केंदूरला दिलेली. घरात मामी, त्यांचं पायाचं मशीन आणि मशीनवर लोंबणारा शंभरचा पिवळा बल्ब.

शिवणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा असा बल्ब तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. मामींनी त्याच्या वायरीला सुतळी बांधून ती भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेली होती. सुतळी सोडली की बल्ब खाली यायचा, ओढली की वर जायचा. फार खाली घेता यायचा नाही, कपाळ भाजायचं. फार वर गेला की सुई दिसायची नाही. संध्याकाळी शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि बल्ब विडीच्या टोकासारखा लाल व्हायचा. अशा वेळी मामी मशीन थांबवून काज-बटणाचं काम हातात घेत. उन्हाळ्यात तर पंखाही लावता यायचा नाही, बेतलेलं कापड उडून जायचं. वरून बल्बची धग, बाहेर ऊन. उजव्या दंडावर त्यांना भाजल्याचा एक जुना डाग होता. तो दाखवून त्या म्हणायच्या, "ह्यो माझा पगार."

पिवळ्या उजेडाने त्यांना एकदा चांगलंच फसवलं होतं. एका नवरीच्या गडद हिरव्या पोलक्याला त्यांनी काळा दोरा घातला. बल्बखाली दोन्ही रंग सारखेच दिसत होते. सकाळी पोलकं दारात नेल्यावर सगळ्या काळ्या टिपा दिसायला लागल्या. मामींनी उंबऱ्यावर बसून पोलकं उसवलं आणि तिथेच बसून पुन्हा हाताने शिवलं, कारण मशीन उंबऱ्यापर्यंत येत नव्हतं. नवरीकडच्यांना काही कळलंही नाही. पण मामींनी नियम करून टाकला. दोरा दारातच निवडायचा. सगळी रिळं पदरात घेऊन त्या दारात उभ्या राहायच्या आणि जाणायेणाऱ्याला विचारायच्या, "ह्यो जांभळा हाय का निळा?" बहुतेकांना सांगता यायचं नाही.

मध्यंतरी ते वळ्या-वळ्यांचे सीएफएल आले. मी एक मामींना दिला. आठवड्याने भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ही बया जागी व्हईस्तवर माझी एक बाही शिवून व्हती." आमच्याकडच्या व्होल्टेजमध्ये ती बया फार टिकलीही नाही. मामी पुन्हा शंभरच्या बल्बवर आल्या.

मग एलईडी आले. सरकारी योजनेत लायटीचं बिल दाखवून स्वस्तात मिळायला लागले, तसे माझ्याही दुकानात आले. मी मामींच्या हातात एक ठेवला. त्यांनी सवयीने कानाशी नेऊन हलवला. काहीच वाजलं नाही. पुन्हा हलवला.

"मुका हाय की ह्यो," त्या म्हणाल्या. "बिघडला तर कळायचं कसं?"

"लावून तर बघा, मामी. नाही आवडला तर परत घेतो."

दुपारी मीच जाऊन लावून दिला. मामी स्टुलावर बसल्या. पांढरा उजेड मशीनवर पडला आणि जुन्या तेलाचे डाग, चाकातला धुरळा, सगळं उघडं पडलं. त्या थोड्या ओशाळल्या आणि पदराने मशीन पुसायला लागल्या. पुसता पुसता हात बल्बला लागला. त्यांनी झटकन मागे घेतला. मग सावकाश पुढे केला, एक बोट टेकवलं आणि नंतर अख्खा बल्ब मुठीत धरला.

"थंड हाय की रं," त्या म्हणाल्या. सुतळी सोडून त्यांनी तो अगदी सुईजवळ आणला आणि तिथेच ठेवला.

त्यानंतर आमच्या गल्लीतले पिवळे बल्ब मी कमी आणि मामींनी जास्त बदलले. पोलक्याचं माप द्यायला आलेल्या बाईला त्या आधी बल्ब धरायला लावत. "आगं, डोस्क्यावरचा त्यो निखारा काढ पयला. सैपाकघरात काय कमी धग असती?" शेजारचे एक आबा कुरकुरत होते की ह्या उजेडात घर दवाखान्यासारखं दिसतं. मामी म्हणाल्या, "आबा, दवाखाना न्हाई. भितीला रंग द्यायचा राहिलाय, त्यो आत्ता दिसाया लागला." आबांनी त्या दिवाळीला भिंत रंगवली.

साधारण दोन वर्षं अशी गेली. एक दिवस मामी बल्ब घेऊन दुकानात आल्या. "दमलाय," म्हणाल्या.

मी काउंटरवरच्या होल्डरला लावून पाहिला. चांगला लख्ख लागला. पण वॉरंटी होती आणि मामींशी वाद घालायची माझी इच्छा नव्हती. बदलून दिला. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी मी नऊऐवजी बारा वॅटचा दिला. मग पंधराचा.

"मधी उजेड पडतोय, कडंला न्हाई," मामी म्हणायच्या. "कोपऱ्यात अंधारच ऱ्हातोय. परवा दाराच्या चौकटीवर आदळले."

मी दुकानदार. उजेड कमी म्हणजे वॅट वाढवा, एवढंच मला कळत होतं. आणखी एक होल्डर काढून दिला, मग आणखी एक. मनात कुठेतरी असंही वाटायचं की मामी आता म्हाताऱ्या झाल्या, किरकिऱ्या झाल्या. डोळ्यांची शंका मला आली नाही. यायचं कारणही नव्हतं, कारण साठी उलटल्यावरही मामी सुई पहिल्या फटक्यात ओवायच्या. गल्लीतल्या चाळिशीच्या बायका त्यांच्याकडे सुई ओवून घ्यायला यायच्या.

शेवटी त्यांनी ट्यूबची पट्टी मागितली. "अशी लाव की कोपरा सुटला न्हाई पायजे." मी सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. दार उघडं होतं, बाहेर चांगलं ऊन होतं, तरी घरात चार बल्ब चालू होते. मला बघवेना इतका उजेड. मामींच्या खांद्यावर निळा डाग पडलेला, चौकटीवर आदळल्याचा. त्या मशीनवर बसल्या होत्या. मी त्यांच्या डाव्या हाताला भिंतीशी उभा राहिलो आणि पट्टी भिंतीवर धरली.

"इथे लावू का, मामी?"

"कुठं?"

"इथे. ही काय."

त्यांनी मान वळवली. पट्टीवरून नजर पुढे गेली, माझ्या हातावरून गेली, खिडकीपर्यंत गेली आणि परत फिरली. आपण अंधारात बॅटरी फिरवून वस्तू शोधतो ना, तशी मान फिरत होती. पट्टी त्यांच्यापासून दोन हातांवर होती. चार फूट लांब पांढरी पट्टी.

"हां. तिथं व्हय," त्या अखेर म्हणाल्या. "मग कवाधरनं तिथंच धरलीयस का?"

मी पट्टी खाली ठेवली. त्यांना म्हटलं, मशीनच्या सुईकडे बघत राहा. आणि त्यांच्या कानाच्या बाजूने माझा हात हळूहळू पुढे आणला, बोटं हलवत. तो जवळजवळ त्यांच्या नाकासमोर येईपर्यंत त्या "न्हाई, न्हाई" म्हणत राहिल्या. दुसऱ्या बाजूनेही तसंच.

"मामी, बल्ब चांगले आहेत," मी म्हणालो. "डोळे दाखवू या."

"डोळ्याला काय झालंय? सुई ओवती की मी." आणि त्यांनी तिथल्या तिथे सुई ओवून दाखवली. पहिल्या फटक्यात.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन दौंडला गेलो. मोटारसायकलवर त्या बसायच्या नाहीत, म्हणून एसटीने. भीमेचा पूल आला तेव्हा त्या खिडकीशी होत्या. "पाणी हाय का रं नदीला?" त्यांनी विचारलं. परवापर्यंत हा प्रश्न मला गप्पांचा वाटला असता.

दवाखान्यात त्यांना एका मशीनसमोर बसवलं. पांढऱ्या गोल वाडग्यासारखं ते होतं. त्यात तोंड घालायचं, आत बारीक दिवे इकडेतिकडे लुकलुकणार, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभा होतो. बटणाचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग एखादा आवाज. बाहेर आल्या तेव्हा खूश होत्या.

"लई थोडं दिवं लागलं आत," मला हळूच म्हणाल्या. "मशीन दमलंय त्यांचं. सांगायचं का डाक्टरास्नी?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून नीट समजावलं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो आणि मधली शेवटपर्यंत ठेवतो. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली थेंबांनी राखता येईल, पण थेंब जन्मभर, एकही दिवस न चुकता. मामींनी एकच विचारलं, "म्हंजी उजेड वाढवून काय उपेग न्हाई?"

"नाही, आजी."

परतीच्या एसटीत मला मी बदलून दिलेले बल्ब एकेक करून आठवत होते. नऊचा, बाराचा, पंधराचा. पहिला बदलून दिला त्याला दीड वर्ष झालं होतं. मामी मांडीवरच्या थेंबांच्या पुडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"तुला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

"काल."

"मग तुझं काय चुकलं? मीच तुला बल्ब सांगत व्हते." उसाचा एक ट्रॅक्टर पुढे चालला होता, एसटी त्याच्या मागे रेंगाळत होती. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पर पयल्या खेपंलाच इचारायचं व्हतंस. मामी, बल्ब का डोळं?"

त्या रागाने म्हणाल्या नाहीत. म्हणूनच मला ते जास्त लागलं. आता कुणी वयस्कर माणूस दुकानात येऊन उजेड कमी पडतो म्हणाला की मी त्याला स्टुलावर बसवतो, समोर बघायला सांगतो आणि कानाच्या बाजूने बोटं हलवत आणतो. काही जण चिडतात. तिघांना मी दौंडला पाठवलं, त्यांतल्या एका आप्पांना वेळेत थेंब सुरू झाले. मी डॉक्टर नाही. पण बल्ब विकायच्या आधी एवढं विचारतो.

मामींनी मला बोलावून जादाचे बल्ब काढायला लावले. "एकच ठिव. बाकीचं उगा जळत्यात." पोलकी त्यांनी बंद केली. सुई दिसायची, पण कापड कडेने कुठे चाललंय ते दिसायचं नाही आणि कात्रीची भीती वाटायला लागली. गिऱ्हाइकं त्यांनी वरच्या आळीतल्या एका शिवणाऱ्या मुलीला दिली, प्रत्येकीचं माप तोंडपाठ सांगून. स्वतः लहान पोरांची टोपडी आणि झबली तेवढी ठेवली. टोपडं डोळ्यांसमोर धरून म्हणायच्या, "एवढंच मावतंय आता नजरंत."

थेंब मात्र त्यांनी कधी चुकवले नाहीत. दोन वर्षं नजर आहे तिथे राहिली. मग एकदा दाराशी पडून पाय मुरगळला आणि मुलगी येऊन त्यांना केंदूरला घेऊन गेली. मशीन नेलं, घराला कुलूप लागलं. गल्लीत संध्याकाळी मशीनचा आवाज यायचा तो थांबला. आवाज थांबून किती दिवस झाले हे कुणीतरी विचारलं, तेव्हा आम्हा कुणालाच सांगता आलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते केंदूरलाच. तिकडे एका मळ्यात मोटारीचा पॅनल बसवायचा होता. काम संपवून पत्ता विचारत गेलो. दुपारची वेळ होती. मामी ओट्यावर पाय पसरून हाताने गोधडी शिवत होत्या. मांडीवर रंगीबेरंगी तुकडे, टाके एका रांगेत. प्रत्येक टाक्याला अंगठ्याने अंतर मोजत होत्या आणि बघत मात्र समोरच्या शेवंतीच्या वाफ्यांकडे होत्या. मी ओट्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. त्यांना कळलं नाही.

"मामी."

हात थांबला. "कोण हाय? आवाज तर वळखीचा हाय."

"मांडवगणचा. दुकानवाला."

"मग तिथं कडंला काय उभा ऱ्हायलास? मधी ये."

मी एक पाऊल सरकलो. त्यांनी मान थोडी हलवली, हाताने खुणावलं, "आणिक इकडं." मी आणखी सरकलो आणि त्यांच्या समोर खाली बसलो, त्यांच्या चेहऱ्यासमोर माझा चेहरा येईल असा.

"हां," त्या म्हणाल्या. "आता दिसलास."

त्या बघत राहिल्या. आधी कपाळ, मग मिशी, मग शर्टाची कॉलर, असं एकेक करून वरून खाली. मध्येच हात पुढे करून कॉलरीची उसवलेली टीप चाचपली. मग नजर पुन्हा वर नेली.

"केस पिकलं की रं तुझं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो, आणि त्यांचं बघून होईपर्यंत हललो नाही.