लाइन येईपर्यंत थांबलेलं हृदय

छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत बसलो होतो, तेव्हा आसिफचा फोन आला. आसिफ म्हणजे सायराचा धाकटा भाऊ. लोहाऱ्याला त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याचं दुकान आहे. सायराला तो आपा म्हणतो. "दारव्हा रोडवर... आपाच्या गाडीले ट्रकवाल्यानं..." एवढंच तो बोलला. पुढचं वाक्य त्याच्याच्यानं निघालं नाही आणि मला ते ऐकायचं नव्हतं. समोरच्या प्रूफवर सायरानंच पेन्सिलीनं खोडलेला एक शब्द होता. त्या शब्दावरून आमचं आठवडाभर भांडण चाललं होतं. आता हे भांडण मी कोणाशी पुरं करू, हाच पहिला विचार मनात आला. रडू फार नंतर आलं.

माझे वडील हमालांच्या संघटनेत. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे कोणतीही गोष्ट कळली की मी आधी विचारतो, हे कोणाविरुद्ध? सायरा विचारायची, हे कशावरून? कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आम्ही या दोन प्रश्नांवर भांडत आलो. पुढे ती मोठ्या शहरात शिकायला गेली आणि हृदयातली वीज कशी धावते याचं कॉम्प्युटरवर गणित मांडण्यात तिनं डॉक्टरेट केली. तिचे वडील गेल्यावर परत आली, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवू लागली, आणि दुकानामागच्या खोलीत, तांब्याच्या तारेच्या रिळांशेजारी, तिनं तिचं यंत्र, म्हणजे हिशेब करणारा कॉम्प्युटर, मांडलं.

मला समजावं म्हणून तिनं एकदा स्लॅब टाकणाऱ्या मजुरांचं उदाहरण दिलं होतं. रांगेत उभ्या बाया घमेलं हातोहात पुढं देतात. प्रत्येकीनं घमेलं दिलं की हात खाली आणून पुढच्या घमेल्यासाठी तयार व्हायचं. हृदयाच्या पेशी असंच करतात. एखादं विष असं असतं, की त्यानं हात खाली यायला उशीर होतो. रांग चालू दिसते, माणूस बोलतो, जेवतो... आणि एक घमेलं अवेळी आलं, की सगळी रांग एकमेकींत अडकते. हृदय नुसतं थरथरतं. रक्त पुढं जात नाही. सायरा हा उशीर पेशीपेशीनं मोजायची. एक हिशेब पुरा व्हायला दिवस-रात्र लागायची आणि आमच्याकडची लाइन, म्हणजे वीज, तेवढा वेळ टिकणं शक्य नव्हतं. म्हणून तिनं अशी सोय केली, की प्रत्येक ठोका झाला की यंत्रानं तो जपून ठेवायचा, आणि लाइन आली की आपोआप तिथूनच पुढं निघायचं.

गेल्या हंगामात तिनं मला शहरातल्या एका दवाखान्यात बोलावून घेतलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरला तिच्या कामात रस होता. बोरी अरबकडचे मारोतीकाका, दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करता करता कोसळलेले, आता उठून बसले होते. घाम थांबला होता, नजर साफ झाली होती. सुट्टीचा कागद तयार होता. काका कापडी पिशवी हातात धरून, बस निघून जाईल म्हणून धाकट्या भावाला घाई करत होते. खाटेजवळ फवारणीच्या औषधाची बाटली होती, अर्धी भरलेली. विष ओळखता यावं म्हणून घरच्यांनी आणलेली. सायरानं सहज सुनंदाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं, पंपात एवढंच टाकलं होतं का?

"नाही वं बाई, दोन होत्या. एक तर पुरी संपली. मंग रिकामी कायले आनाव? धुऊन त्याच्यात डिझेल भरलं."

आमच्याकडे हीच चूक होते. बाटली कामाची असते, ती फेकत नाहीत. आणि दवाखान्यात न्यायची तर भरलेली, महागाची नेतात. जी पुरीच्या पुरी फवारली आणि अंगावर उडाली, तिच्याबद्दल डॉक्टरला कोणी सांगितलंच नव्हतं. गावातल्या शेजाऱ्यानं फोनवर त्या दुसऱ्या बाटलीच्या लेबलाचा फोटो पाठवला. सायरानं तो पाहिला, सकाळचा ईसीजी पुन्हा पाहिला, आणि तिचा चेहरा उतरला. हात खाली यायला उशीर लावणारं हे विष तिनं ओळखलं होतं. पण त्या दोन औषधांच्या मिश्रणाचं गणित तिनं कधी मांडलेलं नव्हतं, आणि उत्तर यायला दुसरा दिवस उजाडणार होता. बस आत्ता निघणार होती.

डॉक्टर म्हणाला, घरचे तयार असतील तर मी मॉनिटरवर ठेवतो. काकांचा भाऊ भडकला. "मॅडम, मानूस बरा होऊन राह्यला अन् तुमी कॉम्प्युटरची वाट पाहून राह्यल्या. तो सांगते का, हा मरन म्हून?"

मी तिच्या कानाशी लागलो, सांग हो म्हणून. एक शब्द, आणि काम होईल.

"तो तसं नाही सांगत," ती भावाला म्हणाली. "मले माहीत नाही, काका. म्हनूनच थांबा म्हणते."

मग सुनंदाकाकूंनी नवऱ्याच्या हातातली पिशवी घेतली, खाटेवर ठेवली आणि त्या तिच्यावरच बसल्या.

काका राहिले. काहीही झालं नाही. यंत्राचं उत्तरही तसंच आलं. काही अंदाजांत रांग अडकत होती, काहींत नव्हती. काका धडधाकट घरी गेले आणि जाता जाता भावानं टोमणा मारला, की कॉम्प्युटरवाल्या बाईनं फुकट झोपवून ठेवलं.

मी पेटून उठलो होतो. फवारणीवाल्याला घरी सोडण्याआधी पुन्हा ईसीजी काढा, सगळ्या बाटल्या विचारा, हे पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. त्यात लिहिलं, की उशिरा येणारा हा मृत्यू सिद्ध झाला आहे. तिनं ‘सिद्ध’ खोडलं. मी विचारलं, मग पुरावा म्हणून काय लिहू? ती हसली. "लिही, मानूस मेला नाही." मी चिडलो, तशी गंभीर होऊन म्हणाली, "काका त्या दिवशी गेले असते तर काय झालं असतं, ते मी नव्यानं चालवून पाहून राह्यली. महिनाभर चालन ते. पण त्यातूनही ‘असं होऊ शकलं असतं’ एवढंच निघन."

‘होऊ शकतं’ या शब्दांमागं विष विकणारे लपतात, फवारायला लावणारे लपतात. माझा त्या शब्दांवरचा राग अजून गेलेला नाही. पण त्याच शब्दांच्या जोरावर एका माणसाची बस चुकवताना मी तिला पाहिलं आहे. पत्रक छापलं. मागणी तीच आहे, तितकीच कडक. ‘सिद्ध’ नाही.

त्याचा गठ्ठा घेऊन परवा लोहाऱ्याला गेलो. मारोतीकाका सायराच्या अम्मीला भेटायला आले होते. खोलीत यंत्र चालूच होतं, तिनं लावलेला तो नवा हिशेब पुढं नेत. आसिफ बंद करायला जातो, पण अम्मी हात लावू देत नाहीत. पडद्यावर एक हृदय, त्यावरून सरकत जाणारी रंगाची लाट.

"हे माह्यं हाये?" काकांनी विचारलं.

"तुमच्यासारखं," आसिफ म्हणाला.

काका पाहत राहिले... आणि लाइन गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. बोरीच्या शेवटच्या बसची वेळ होत आली होती. आसिफनं त्यांना गाडीवरून स्टँडवर सोडतो म्हटलं. काकांनी पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्या काळ्या पडद्यासमोर बसले.

"जाऊ दे बस. लाइन येऊ दे आधी."